बादलीची निवृत्ती

पुण्या-ठाण्याहून अमेरिकेत गेलेल्या मराठी घरात पहिला बळी जातो तो बादलीचा. 20 लिटरमध्ये अंघोळ उरकून उरलेल्या पाण्यात बनियन पिळणारा माणूस तिथे शॉवरखाली उभा राहतो आणि हलत नाही. अमेरिकी कायद्याने 1994 पासून बनणाऱ्या शॉवरची धार मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटरवर रोखली आहे. तरी दहा मिनिटांत जवळजवळ पाच बादल्या वाहून जातात. नळ चोवीस तास चालू, त्यामुळे पिंप आणि पहाटेचा गजर दोन्ही बाद. कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देण्याचा धर्मही बुडतो; बचत म्हणायची ती एवढीच.

संडासात मात्र संस्कार हटत नाहीत. कागदाच्या गुंडाळीशेजारी झाडांना पाणी घालायची हिरवी प्लास्टिकची झारी उभी असते, घरात झाड एकही नसते. गोऱ्या पाहुण्यांना तिचा खुलासा कोणी करत नाही.

हीच मंडळी सुट्टीत घरी येतात, बाटलीबंद पाण्याने दात घासतात आणि आईला नळ घट्ट बंद करायला सांगतात. परतीच्या बॅगेत एक नवा मग असतो.