ताशी सतरा मुंग्या

एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांच्या ताब्यात आता एकच गाडी उरली आहे. वय अकरा महिने, दात साडेतीन, वेळापत्रक शून्य. पनवेलच्या जुन्या भागातल्या त्या घरात ही गाडी टीव्हीच्या टेबलापासून सोफ्याच्या टोकापर्यंत धरधरून जाते, तिथे एक हात सोडते, जमलेल्या सगळ्यांकडे एकवार बघते आणि मटकन खाली बसते. आजोबा तोंडाने "टिंग टिंग" करून डबल बेल देतात. गाडी हलत नाही.

"अजून चालत नाही?" हा प्रश्न आळीतून दिवसाला तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याचं स्वतःचं मूल हमखास नवव्या महिन्यात चाललेलं असतं. समोरच्या काकूंचा मुलगा म्हणे आठव्यातच पळत होता. तो आता पस्तिशीला आला आहे आणि कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढतो.

सूनबाईंनी यावर थेट जागतिक आरोग्य संघटनेला साक्षीला बोलावलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या आठशेवर मुलांची नोंद आहे. निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागतं ते ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही. म्हणजे दोन धडधाकट मुलांत नऊ महिन्यांहून जास्त अंतर असू शकतं. तेवढ्यात एक आख्खं बाळंतपण होतं! शंभरातली चार मुलं तर गुडघ्यांवर रांगण्याची पायरीच गाळतात.

"हे ओमानचं काकूंना तू सांग," आजी म्हणाल्या, "मला जमायचं नाही."

काकूंना उत्तर दिलं ते आजोबांनी. "अहो, आपल्या विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. आमच्या नातीला तर अजून वर्षसुद्धा झालं नाही."

मग साधनसामग्रीचा प्रश्न निघाला. बाळाच्या मामाने गोल, रंगीत, सहा गाणी वाजवणारा वॉकर पाठवला होता. त्यात ठेवल्याबरोबर बाळ तीन सेकंदांत बैठकीच्या खोलीतून देवघरात पोचलं आणि समईच्या वातीपासून वीतभर अंतरावर सापडलं. सूनबाईंनी त्याच संध्याकाळी वॉकर माळ्यावर टाकला आणि कॅनडाचा दाखला दिला. तिथे एप्रिल २००४ पासून असा वॉकर विकायला, आणायला, त्याची जाहिरात करायलाही बंदी आहे. जुना म्हणून कुणाला विकला तरी गुन्हा, आणि शिक्षा एक लाख डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कारण साधं आहे. चाकांवर बसलेलं मूल पायरीवरून कोसळतं, नाही तर जिथे त्याचा हात पोचायला नको तिथे नेमकं पोचतं. वर त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, म्हणजे जे शिकायचं तेच राहून जातं. मामाचा फोन आला तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं तू टोरांटोला नाहीस."

आता मैदान आजोबांना मोकळं झालं. त्यांनी सावंतवाडीच्या चितारआळीतून पांगुळगाडा मागवला. लाकडी, तीन चाकांचा, उभ्या दांड्याचा. यात बसायची सोय नसते. मूल मागे उभं राहतं, दांडा धरतं आणि गाडा ढकलतं. वजन ज्याचं त्यानेच पेलायचं. खरं तर पनवेलकरांनी चाकांसाठी सावंतवाडी गाठावी यात आजोबांना थोडा कमीपणाच वाटला. एके काळी बैलगाडीची चाकं करणं हा पनवेलचा मुख्य धंदा होता. देशावरून घाट उतरून आलेला गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊनच परत फिरायचा, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरात आहे. आजोबा ती पाहुण्यांना अशा थाटात सांगतात, जणू त्या चाकांना वंगण त्यांनीच घातलं होतं.

अडचण निघाली ती लादीची. पांगुळगाडा शेणाने सारवलेल्या जमिनीसाठी जन्मला; गुळगुळीत लादीवर तो बाळाच्या पुढे पळू लागला. गाडा पुढे, पाय मागे, मध्ये बाळ आडवं. एसटीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ब्रेकशिवायची गाडी मार्गावर सोडणं मंजूर नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि सुतळीने गाड्याला बांधला. हा तोच वरवंटा, जो बारशाच्या दिवशी कुंची घालून पाळण्याखालून फिरला होता. आजींना हे अजिबात आवडलं नाही. पण गाडा मात्र शहाण्यासारखा चालू लागला, आणि घरातली चटणी आठवडाभर मिक्सरवर आली.

पडणं थांबलं नाहीच. पडलं की घरात एकच उपचार: "अगं बाई, मुंगी मेली!" बाळ रडायचं थांबून लादीवर मेलेली मुंगी शोधतं. आजोबांनी जुन्या सवयीने वहीत रकाने आखून दर तासाला किती मुंग्या मेल्या ते टिपायला घेतलं. सोमवारी सकाळच्या पहिल्याच तासात चौदा भरल्या तेव्हा ते घाबरले. डॉक्टरांकडे न्यायला हवं म्हणाले.

सूनबाई पुन्हा मदतीला धावल्या. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावलं बसून मोजली होती. २०१२ साली छापून आलेला हिशेब असा: तासाला सरासरी २,३६८ पावलं, ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. दिवसातले सहा तास मूल असं खेळलं, तर चार किलोमीटरहून जास्त चाल होते. आजोबांनी वहीत गुणाकार केला. या वेगाने नात तिसऱ्या दिवशी कर्नाळ्याला पोचायला हवी. ती पोचत नाही, कारण सगळा प्रवास सोफ्याभोवतीच होतो.

"पण इतकी सुखात रांगत होती, मग हा आपटण्याचा उद्योग कशाला?" हा आजींचा प्रश्न. तोही अ‍ॅडॉल्फबाईंना पडला होता. उभं राहून मूल जास्त हिंडतं, जास्त लांब जातं, आणि कापलेल्या अंतराच्या हिशेबाने बघितलं तर नवं चालणारं मूल मुरलेल्या रांगणाऱ्यापेक्षा जास्त पडतही नाही. आजोबांना हे लगेच पटलं. गाडीने किलोमीटर जास्त मारले की पंक्चरही जास्त होणारच.

यानंतर आठ-दहा दिवस प्रशिक्षण जोरात चाललं. आजोबा किल्ल्यांचा जुडगा वाजवत, आजी समोर बसून टाळ्या वाजवत, बाबा मोबाइल धरून. चुक्‌चुक् वाजणारे बूट आणले. बाळाने ते चावले. घरात अनवाणी चालणंच उत्तम असं डॉक्टर म्हणाल्यावर बूटही वॉकरशेजारी माळ्यावर गेले.

मग एका शुक्रवारी कामाच्या मावशींनी बैठकीची खोली पुसली आणि नेहमीप्रमाणे बजावलं, "लादी ओली हाय, कुनी पाय टाकू नका." आजोबा, आजी, सूनबाई मुकाट्याने उंबऱ्याबाहेर उभे राहिले. सोफ्याला धरून असलेल्या बाळाला मात्र हा हुकूम लागू नव्हता. मावशींचं फडकं बादलीच्या काठावर लोंबत होतं, ते त्याला हवं होतं. त्याने सोफा सोडला. एक, दोन, तीन... फडकं हातात आलं, बादली कलंडली आणि बाळ पाण्यात फतकल मारून बसलं.

मुंगी मेल्याचं सांगायचंही कुणाला सुचलं नाही. ओल्या लादीवर बोटांसकट पावलं उमटली होती. आजोबांना ती पाच दिसली, सूनबाईंना चार. आजी नारळ आणायला धावल्या, मग बाळाने उंबरा अजून ओलांडलेला नाही हे आठवून अर्ध्या वाटेत थांबल्या. बाबांचा मोबाइल आत चार्जिंगला होता.

"पंखा बंद करा!" आजोबा ओरडले. "वाळतायत!"

मावशी कमरेवर हात ठेवून या सगळ्यांकडे पाहत होत्या. बादलीचं पाणी पावलांच्या दिशेने सरकत होतं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "ह्ये पुसू, का ऱ्हाऊ दे?"