समुद्रसपाटीपासून मी

चौदाशे मीटर हा आकडा मी का धरला, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. हजार मीटरच्या वरची सगळी शिखरं धरली असती तर यादी माझ्या आयुष्यापेक्षा लांब झाली असती. पंधराशेची अट घातली तर कळसूबाई, साल्हेर, घनचक्कर असं म्हणता म्हणता यादी संपते आणि लोकांना ऐकवायला काही उरत नाही. चौदाशेला मात्र एक सोय होती. तोरणा १४०३ मीटर, आणि तो माझा झालेला होता. राजगड आणि पुरंदर चौदाशेच्या आत, आणि ते आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचे झालेले होते. शास्त्रीय निकष म्हणतात तो असाच ठरतो.

मग घरच्या संगणकावर एक्सेलचा तक्ता आला. शिखर, उंची, जिल्हा, तारीख. झालेलं शिखर हिरवं, राहिलेलं पांढरं. ‘वाटेत किती वेळा बसलो’ असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. आता लग्नाच्या पंगतीत माझ्या वयाची मंडळी मधुमेहाचे आकडे काढतात तेव्हा मी साल्हेर काढतो. १५६७ मीटर, महाराष्ट्रात दुसरा, किल्ल्यांमध्ये पहिला. १६७२ मध्ये मराठ्यांनी तिथे मोगलांना समोरासमोरच्या लढाईत हरवलं आणि २०२५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. या दोन्ही गोष्टींत माझा काही हात नव्हता, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत मी धोडपवर पोचलेलो असतो. तिथे १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना हरवलं. काका-पुतण्यांचा विषय निघाला की पंगतीला माझी गरजच उरत नाही. जिलबी येईपर्यंत ती आपली आपण चालते.

तक्त्यातला एक चौकोन मात्र कधीच हिरवा होणार नाही. सप्तशृंगीच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत, आता फ्युनिक्युलर ट्रॉलीसुद्धा आहे. पण मंदिराच्या वरचं शिखर तुम्हाआम्हाला बंद. चैत्र पौर्णिमेच्या आणि नवरात्राच्या उत्सवात दरेगावच्या गवळी घराण्यातला माणूस रात्री एकटा वर जातो आणि देवीचा ध्वज लावून येतो. तो मान त्या घराचा. तो कुठल्या वाटेने चढतो, हे गडावर कुणी विचारत नाही. मी विचारलं. नारळ-खणांच्या दुकानातल्या आजोबांनी माझ्याकडे, माझ्या काठीकडे आणि माझ्या महागड्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुम्हाला काय करायचंय?” या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. त्या चौकोनात मी शेवटी ‘देवीकडे’ असं लिहून टाकलं.

आता उंचीबद्दल. वाचकाने इथे उठून चहा टाकायला हरकत नाही. हा विषय निघाला की मी लवकर आवरत नाही. बायको तर कुकर लावून, शिट्ट्या मोजून परत येते.

उंची मोजतात समुद्रसपाटीपासून. ती सपाटी ठरवली बंदरांमधल्या भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून, आणि त्या बंदरांमध्ये मुंबई आहे. म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरांपैकी पहिला मीटर तिकडे अपोलो बंदराच्या पाण्यात सुरू होतो. मी सुरू होतो पुण्यात. पुणं साधारण साडेपाचशे मीटरवर. म्हणजे सकाळी उठून मी दात घासत असतो तेव्हाच कळसूबाईचा तिसरा हिस्सा माझ्या खात्यावर जमा असतो. पुणेकर जन्मतःच इतरांपेक्षा साडेपाचशे मीटर वर असतो. त्याच्या बोलण्यातून लोकांना ते जाणवतंही, पण ते उगाच त्याला दुसरं कारण चिकटवतात.

पुढचा हिस्सा एसटीचा. नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर करत ती माणसाला पार डोंगराच्या पायथ्याशी आणून सोडते. तिच्या चालकाच्या खात्यावर आजवर मीटरांचा केवढा ढीग साठला असेल! पण तो खाली उतरतो, टायरला एक लाथ मारून बघतो, तंबाखू मळतो आणि कंडक्टरशी डबल ड्यूटीबद्दल बोलत राहतो. फोटो काढत नाही. बारी गावातून वरचा तुकडा तेवढा माझा. तोही सगळा नाही, कारण कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. ते लोखंड कुणीतरी खांद्यावरून वर नेलं असणार, आणि त्या कुणाचाही एक्सेलचा तक्ता नसणार.

माझा मेहुणा डोंबिवलीचा. त्याचं म्हणणं, डोंगर प्रामाणिकपणे चढतो तो फक्त मुंबईकडचा माणूस, कारण तो जवळजवळ शून्यापासून निघतो. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण शून्यापासून निघालेला हा माणूस कसारा घाटात तोंड उघडं टाकून झोपलेला असतो, याची मी तक्त्याखाली तळटीप दिली आहे.

खरी मोजणी काय असते ते विल्यम लॅम्बटनला विचारावं. १८०२ मध्ये मद्रासकडून त्याने हा देश मोजायला घेतला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. ते धूड टेकड्यांवर चढवायचं, टेकडी नसेल तर देवळावर. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटलं आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकडी झाली. लॅम्बटनने दुसऱ्यावर न सोपवता स्वतः बसून ती ठोकून ठोकून सरळ केली. १८२३ मध्ये तो वारला, मोजणीच्या कामावर असतानाच, आपल्या हिंगणघाटला. कबरही तिथेच आहे. जन्मभर उंच जागा शोधत हिंडलेल्या माणसाला शेवटी वर्ध्याकडची सपाटी मिळाली. मी विदर्भात कधी लग्नाला गेलो तर वाट वाकडी करून तिथे जाऊन येणार आहे. यादीसाठी नव्हे. हिंगणघाट चौदाशेत बसत नाही.

आणि आपण? आपल्या खिशात फोन. तोरण्याच्या माथ्यावर माझ्या फोनने १३९६ दाखवले. म्हणजे माझ्याच निकषात माझा तोरणा नापास! मी फोन डोक्यावर धरला. दगडावर उभा राहिलो. दगडावर चवड्यांवर उभा राहिलो. एका कॉलेजच्या मुलाने काळजीने विचारलं, “काका, रेंज नाही का?” अखेर आकडा १४०१ वर आला तेव्हा मी तो स्क्रीनशॉट काढून ठेवला. पुढच्या क्षणी तो १३८८ झाला, त्याच्याशी मला कर्तव्य नाही.

साल्हेरवर तर सगळा हिशेबच उलटा होतो. माथ्यावर परशुरामाचं लहानसं मंदिर आहे. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकणची जमीन मोकळी केली, असं सांगतात. म्हणजे ज्या डोंगराची उंची समुद्रापासून मोजायची, त्याच डोंगरावरून समुद्राची जागा बदललेली! आमच्या कोकणातल्या आप्तांपुढे हा मुद्दा मी हल्ली काढत नाही. जमिनीच्या मोजणीचा विषय कुठूनही निघो, त्यांचा एखादा दावा कोर्टात असतोच, आणि मग परशुराम बाजूला राहून चुलतभावाच्या आंब्याच्या कलमांवर गाडी येते.

हा सगळा हिशेब मी बायकोला महाबळेश्वरात ऐकवला, विल्सन पॉइंटवर. पहाटे गारठ्यात आम्ही सूर्योदयाला गेलो होतो. गाडी थेट वरपर्यंत जाते. तिच्या पायात चपला, अंगावर शाल, हातात भाजलेलं कणीस.

“हे किती?” तिने विचारलं.

“चौदाशे अडतीस.”

“आणि तुमचा तोरणा?”

“चौदाशे तीन.” मी जरा सावध झालो. “पण तोरणा चालत चढलो होतो.”

“वेल्ह्यापर्यंत एसटीने. पुण्याचे साडेपाचशे फुकटात.” तिने कणसावर लिंबू फिरवलं. “आत्ता तुम्हीच सांगितलंत.”

स्वतःच तयार केलेल्या गणिताला विरोध करणं सुशिक्षित माणसाला जड जातं. त्या संध्याकाळी माझ्या तक्त्यात तिच्या नावाचा रकाना उघडला आणि त्यात पहिला चौकोन हिरवा झाला. तोरण्यापेक्षा पस्तीस मीटरांनी वर.

कळसूबाईला मी एकटाच गेलो. सर्वोच्च शिखर म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. रविवार निवडला, कारण बघायला माणसं हवीत. माणसं होती. शिडीपाशी रेशनच्या दुकानासारखी रांग, रांगेत एकाच्या सॅकवर स्पीकर, स्पीकरवर गाणं, गाण्यावर दुसऱ्या स्पीकरचं गाणं. वाटेत सरबत, ताक, काकड्या, मॅगी. किती राहिलं असं कुणालाही विचारा, उत्तर एकच: “हे काय, आलंच की!”

कळसूची गोष्ट त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कळसू ही कोळ्यांची पोर. एका घरी कामाला राहिली, पण आधी अट घालून: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एकदा त्या घरी पाहुणे आले आणि तिला भांड्यांना बसवलं. तिने भांडी घासली, ठेवली आणि तडक डोंगर चढून गेली. परत खाली आली नाही. माथ्यावरचं ते चिमुकलं शेंदरी देऊळ तिचं.

त्या देवळाच्या आजूबाजूला कागदी कप, थर्माकोलच्या ताटल्या, वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. थट्टा करायला मला एरवी फार लागत नाही, पण तिथे जमेना. केर आणि खरकटं नको म्हणून एक मुलगी घर सोडते, जाऊन जाऊन महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेवर जाऊन बसते, आणि आम्ही रविवारी सुट्टी काढून, बूट घालून, रांगा लावून तिच्या दारात खरकटं घेऊन पोचतो. यात शिकलेले, न शिकलेले असा भेद नव्हता. सगळे ट्रेकर होते. ‘निसर्ग वाचवा’ लिहिलेले टी-शर्टही होते.

माझी फोटोची पाळी आली. मी झेरॉक्सच्या दुकानातून ‘कळसूबाई १६४६ मी.’ असा फलक करून नेला होता, लॅमिनेट केलेला, म्हणजे प्लास्टिकच. तो छातीशी धरला, पोट आत घेतलं, नजर क्षितिजावर लावली. तेवढ्यात सरबतवाल्या मावशी गोणपाट घेऊन आल्या आणि माझ्या पायांशी वाकून म्हणाल्या, “दादा, पाय उचला जरा.”

हे वाक्य मी घरी रोज ऐकतो. पाय आपोआप उचलला गेला.

फोटोत तसाच आलोय. एका पायावर उभा, फलक तिरका, आणि खाली वाकलेल्या मावशी माझ्या बुटाजवळचा कप ओढून घेताहेत. काढणारा म्हणाला, “काका, परत काढू का?” मागे रांग ओरडत होती. मी खाली आलो. मावशींची गोणी उतरणीला निम्मी वाट तरी धरावी असं मनात होतं. मी विचारेपर्यंत त्या दोन शिड्या उतरून गेल्या होत्या.

बायकोने फोटो मोठा करून पाहिला. “ह्या कोण?” मी सांगितलं. मग कळसूचीही गोष्ट सांगितली, सवयीप्रमाणे जरा रंगवून. ती माझ्या बुटांचा चिखल जुन्या टूथब्रशने काढत होती. हात थांबला.

“मी येणार कळसूबाईला,” ती म्हणाली. “रविवारी नाही, मंगळवारी. दशम्या तुम्ही करायच्या. आल्यावर डबेही तुम्हीच घासायचे. आणि हे बूट घ्या तुमचे.”

दशम्यांची कणीक दुधात भिजवतात, पाण्यात नाही, एवढं मी शिकलो आहे. पहिली खेप तव्याला चिकटली. मी ती उलथन्याने खरवडत होतो तेव्हा ती संगणकावर बसून माझ्या तक्त्यात नवा रकाना घालत होती: ‘डबे कुणी घासले’. भरायला तिला वेळच लागला नाही. पहिल्या चौकोनात नाव लिहिलं, कोपरा पकडला आणि माउसने सर्रकन शेवटच्या शिखरापर्यंत खाली ओढत नेलं.