वडाची जन्मतारीख

(धाराशिव. श्रावणातली ढगाळ दुपार. निवृत्त गुरुजींची गच्ची. मोठ्या कुंडीतल्या वडाच्या एका फांदीला पिशवीचं गाठोडं, वर सुतळी. सातवीतला जुना विद्यार्थी, आताचा डाळिंबाचा बागवाला, भूमचा खवा घेऊन आलाय.)

बागवाला : काय करलालाव गुर्जी? फांदी मोडली का?

गुरुजी : मोडली नाही रे. गुटी बांधलीये. बॉन्साय करायचाय. जपानी शब्द आहे. बॉन म्हणजे तबक, साय म्हणजे...

बागवाला : दुधावरची.

गुरुजी : लावणं! सातवीतही असाच मध्ये तोंड घालायचास.

बागवाला : कवा बांधली?

गुरुजी : आषाढी एकादशीला. महिना होऊन गेला, एक मूळ नाही.

बागवाला : न्हाई म्हणून कसं कळलं?

गुरुजी : दर रविवारी सोडून बघतो की.

बागवाला : दर रविवारी? घटक चाचणी हाय का ती? प्लास्टिक पारदर्शक कशापायी असतंय? आत पांढरी मुळं दिसस्तवर हात लावायचा न्हाई. (गाठोडं सोडतो) बगा, मॉस वाळून खडखडीत. आन् ह्ये काय? साल अर्धीच काढलाव?

गुरुजी : पूर्ण गोल सोलली तर फांदी मरेल वाटलं. बोटभर पट्टी ठेवली. दया आली.

बागवाला : माझ्या हातावर छड्या वढताना कुठं गेलती ही दया?

गुरुजी : विषय बदलू नकोस.

बागवाला : विषय विज्ञानच हाय. सांगा, पाणी वर कुठून चढतंय?

गुरुजी : जलवाहिन्यांतून. लाकडातून.

बागवाला : आन् पानात शिजलेलं अन्न खाली?

गुरुजी : रसवाहिन्यांतून. म्हणजे सालीतून. (थांबतात)

बागवाला : फळ्याकडं बगू नका. बोला.

गुरुजी : साल गोल काढली की फांदीला पाणी मिळत राहतं, पण अन्न खाली उतरत नाही. कापाच्या वरच्या काठाला साठतं. तिथूनच मुळं फुटतात. आणि मी पट्टी ठेवली...

बागवाला : म्हंजी अन्नाला बायपास काढून दिलाव. ते कशाला थांबतंय तुमच्या गाठोड्यापाशी?

गुरुजी : हा धडा मी तीस वर्षं शिकवला रे.

बागवाला : मी त्याच्यातच नापास हुतो. चाकू द्या.

(वडाला चाकू लागताच पांढरा चीक ओघळतो. बागवाला तो फडक्यानं टिपतो. इंचभर अंतरावर दोन गोल चिरा, मधली साल बांगडीसारखी निघते. खालचा बुळबुळीत थर तो चाकूच्या पाठीनं खरवडतो, लाकूड कोरडं पांढरं दिसेपर्यंत.)

गुरुजी : हे कशाला?

बागवाला : हा थर ऱ्हायला तर साल पुन्हा जुळती. आता वरच्या काठाला संजीवकाची भुकटी. मॉस भिजवून असं पिळायचं, वल्लं पायजे पण थेंब गळता कामा न्हाई. खालची गाठ घट्ट, वरची त्याहून घट्ट. पावसाचं पाणी शिरलं की कुजतंय.

गुरुजी : डाळिंबालाही एवढंच?

बागवाला : डाळिंबाची फांदी पेन्सिलीएवढी, काम सोपं. पण आमच्यात आधी आईची चौकशी. मातृवृक्षाला तेल्या असंल तर लेकरंबी तेल्या घेऊनच बागंत येत्यात. सोयरीक परवडली, तिथं निदान पत्रिका तरी खोटी मिळती.

काकू (आतून) : तो वड लवकर होऊ द्या म्हणावं. वटपौर्णिमेला रांगेत उभं राहायला नको.

बागवाला : काकू, स्टुलाभोवती सात फेरे मारताना घेरी यायची! आन् दोरा गुंडाळला की वड दिसायचा न्हाई.

गुरुजी : तू लक्ष देऊ नकोस. मुळं आली की पुढं?

बागवाला : भरपूर येऊ द्या, तपकिरी व्हऊ द्या. मग गुटीच्या खालून कापायचं, निम्मी पानं कमी करायची, सावलीत ठिवायचं. खाली अंगणात नगं. शेळ्या फिरत्यात.

गुरुजी : फाटक आहे.

बागवाला : उस्मानाबादी शेळीला फाटक? जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच हाय. तिला ना अधिसूचना कळती ना फाटक. पण एक सांगा, एवढी जाड फांदी कशाला घेतलाव?

गुरुजी : तीच तर गंमत आहे. बीपासून वड लावला तर असा जून बुंधा व्हायला किती वर्षं जातील! माझं वय अडुसष्ट. गुटीत फांदीचाच बुंधा होतो. कापल्या दिवशीच झाड पोक्त.

बागवाला : म्हंजी वय कवापासून धरायचं? कापलं तवापासून का फुटली तवापासून?

गुरुजी : फुटली तेव्हापासून. प्रदर्शनात कुंडीपुढं पाटी लावायचीये, त्यावर वय लिहीन म्हणतो. पण ही फांदी नेमकी कधी फुटली, कुणास ठाऊक.

बागवाला : माझं तरी कुणाला ठावं हुतं? आई म्हनली, पोळ्याच्या आदल्या दिशी झाला, साल काय ध्यानात न्हाई. तुमी शाळंच्या वट्यावर बसून दोन मिंटात दाखल्यावर लिवलाव.

गुरुजी : (खिशातलं पेन काढत) 1 जून?