गुरुवारचा फोटो

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते, आणि लग्नं सोडली तर घरातली बाकीची सगळी कामं तिच्यावरच ढकललेली असतात. महापालिकेने पहिली ते सातवीच्या शाळा उघडायचं ठरवलं ती तारीख, 16 डिसेंबर 2021, नेमकी गुरुवारी आली. रहाटणीच्या आमच्या घरात एक माणूस फार खूश झाला. मुलगी नव्हे, तिचे बाबा.

लॉकडाऊनमध्ये लोकांनी पाव भाजले, एकमेकांचे केस कापले. आमच्याकडे माळ्यावरून सासऱ्यांचा जुना कॅमेरा खाली आला. त्यात रोल घालावा लागतो आणि नवऱ्याच्या मते तो काळापांढराच असावा लागतो. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळायचा; आता बाहेरून येतो आणि त्याची किंमत मला सांगितली जात नाही. रोल धुणं मात्र घरी, म्हणजे बाथरूममध्ये. फिल्म टाकीत चढवायला मिट्ट काळोख हवा, म्हणून दाराच्या फटीला टॉवेल. डेव्हलपर वीस अंशांवर हवा, म्हणून मे महिन्यात माझ्या फ्रीजमधला बर्फ गायब. डिसेंबरात नळाचं पाणीच त्या आकड्याच्या जवळ येतं. चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्यात असलेला माणूस आंघोळीच्या बादलीत थर्मामीटर धरून बसतो, आणि बाहेर सासूबाई विचारत असतात, “अरे, आत काही झालंय का तुला?”

तर तो गुरुवार. शाळा उघडायची होती 1 तारखेला, पण ओमायक्रॉनच्या धास्तीने पंधरवडाभर पुढे गेली. आम्ही संमतीपत्रावर सह्या केल्या. त्यातली भाषा ऑपरेशनच्या फॉर्मसारखी होती. मुलगी मार्च 2020 मध्ये पहिलीतून घरी आली होती. दुसरी सबंध मोबाइलमध्ये झाली. आता ती तिसरीत होती आणि गणवेश अजून पहिलीतलाच. मी पिनोची दुमड उसवून चार बोटं सोडली. दुमडीखालचं हिरवं कापड उन्हात कधी गेलंच नव्हतं, त्यामुळे खाली एक गडद पट्टी आली. “लांबून दिसत नाही,” असं मी तिला सांगितलं.

फोटोसाठी तिला सोसायटीच्या गेटपाशी उभं केलं. समोरून कोकणे चौकाकडे जाणारी रहदारी, मागे वॉचमनकाका ताप मोजायचं पिस्तूल घेऊन. आजूबाजूच्या आया मोबाइलवर फटाफट फोटो काढून आजोळी पाठवून मोकळ्या होत होत्या. आमच्याकडे बाबा प्रकाश मोजत होते. “बाबा, मास्क काढू?” “नको, राहू दे.” “मग हसू का?” त्यांनी जरा विचार करून सांगितलं, “हस. डोळ्यांत येतं.”

सासूबाईंना हे पटत नव्हतं. त्यांच्या शाळेतला एकच फोटो आहे, साताऱ्याच्या स्टुडिओतला. त्यात त्यांच्या गालांवर, ओठांवर आणि रिबिनींवर स्टुडिओवाल्याने ब्रशने गुलाबी रंग भरलाय, आणि तो रंग आजही ओठांच्या जरा बाहेर आहे. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून काळापांढरा. तुमच्याकडे पैसे आहेत म्हणून काळापांढरा.” या विषयावर यापेक्षा नेमकं मी तरी काही वाचलेलं नाही.

तरी नवऱ्याची बाजू मला थोडी कळते. काळ्यापांढऱ्यात लोक भारदस्त दिसतात वगैरे खरं नाही; आमचे वॉचमनकाका तिथेही वॉचमनकाकाच दिसतात. पण रंग काढला की कालचा दिवस एकदम चाळीस वर्षांपूर्वीचा वाटतो. त्या दोन वर्षांत आम्हाला दुसरं काय हवं होतं? रेड झोन, ऑरेंज झोन, ॲपमधलं हिरवं चिन्ह, रंगांनी आम्हाला पुरतं पिडलं होतं. हे सगळं लवकर जुनं व्हावं, नातवंडांना सांगायची गोष्ट व्हावी, एवढीच घाई होती.

ती घाई आमच्याच अंगाशी आली. रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही, हा नियम. रोल संपेपर्यंत जानेवारी उजाडला आणि 4 तारखेला पहिली ते आठवीचे वर्ग पुन्हा बंद करायचा निर्णय झाला. दोरीवर माझ्या ओढण्यांशेजारी चिमट्याला फिल्म वाळत होती, आणि त्यातली शाळा खरोखरच जुनी झाली होती. लाल रिबीन आणि हिरवा पिनो दोन्ही एकाच राखाडीत गेले होते, पांढरा मास्क पांढऱ्या शर्टात मिसळला होता. गडद पट्टी मात्र ठसठशीत. मुलीने ती सगळ्यांत आधी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

शाळा पुन्हा उघडली 1 फेब्रुवारीला. मंगळवार होता. बाबा फर्स्ट शिफ्टला उजाडायच्या आत निघून गेले होते. पोळ्यांना उशीर झाला, पाण्याची बाटली सापडेना, रिक्षावाले काका खालून हॉर्न देत होते. मोबाइल माझ्या हातातच होता, पण त्यावर मी घड्याळ बघत होते. त्या दिवसाचा फोटो आमच्याकडे नाही, रंगीत नाही की काळापांढरा नाही. माझ्या मते शाळा सुरू झाली ती त्या दिवशी. पुरावा मागू नका.