हेक्टरी पाच

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून, पानावर वरण पडायच्या आधी, "या दोघांचं जमलं कसं, माहीत आहे का?" असं विचारणारा माणूस तुम्हाला भेटलेला आहेच. उत्तर तुम्ही द्यायचं नसतं. तो मान वर करतो, नाकपुड्या फुगवतो, एक लांब श्वास ओढतो आणि निकाल देतो, "कामगंध!" वाढायला आलेली बाई वरणाची बादली घेऊन सरळ पुढच्या पंगतीला पळते.

आमच्याकडे त्यांना गंधेसाहेब म्हणतात. आडनाव दुसरंच आहे. ते आता बहुधा पेन्शनच्या कागदावरच उरलं असावं. हयात कृषी खात्यात गेली, वरोरा, राजुरा, कोरपना अशी कपाशीतून कपाशीत. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे लावतात, हेक्टरी पाच. वर प्लास्टिकचं नरसाळं, त्यात मादी पतंगाच्या गंधाची इवलीशी गोळी, खाली लांब पिशवी. नर मादीच्या ओढीनं येतो आणि पिशवीत पडतो. साहेबांनी हे शेतकऱ्यांना जन्मभर सांगितलं. निवृत्त झाल्यावर समोर शेतकरी उरले नाहीत, मग त्यांनी तेच माणसांना लावलं.

शेजारचा मुलगा अभ्यास सोडून ट्यूशनच्या फाटकाशी उभा असतो? "पोराले काहून रागावता भाऊ? नर पतंग आहे तो." सासू-सुनेचं पटत नाही? गंध जुळत नाही. मोहल्ल्यात कुत्री फार झाली? हेक्टरी पाच. निवडणुकीत एका उमेदवाराच्या मांडवात ही गर्दी लोटली, तेव्हा मात्र साहेबांचं निदान मला पटलं. मटणाच्या हंड्याकडे पाहत ते म्हणाले, "सापळा बराबर लागला. पिशवी पाच वर्षांनी खाली करतीन."

माणूस अडाणी असता तर सोडून देता आलं असतं. पण साहेब वाचतात! बुटेनांट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं रेशमाच्या 5 लाख मादी पतंगांतून गंधाचं द्रव्य वेगळं काढलं आणि 1959 मध्ये जाहीर केलं, हे ते आरमोरीकडच्या टसरवाल्यांना ऐनाच्या झाडाखाली उभं करून सांगतात. मादी एका जागी बसते आणि नर अंधारातून नेमका तिच्यापाशी येतो, हे त्या लोकांनी बापजाद्यांपासून पाहिलेलं. ते मान डोलावतात आणि कोश मोजत राहतात.

1995 मध्ये स्वित्झर्लंडात पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला लावून तो मुलींना हुंगायला दिला होता. आपल्याहून वेगळ्या प्रतिकारशक्तीच्या पुरुषांचा वास मुलींना जास्त बरा वाटला. एवढ्या आधारावर साहेबांनी भाचीचं लग्न जुळवताना मुलाकडच्यांना सुचवलं, "पत्रिका राहू द्या, पोराचं न धुतलेलं बनियन पाठवा." मुलाचे वडील चहा अर्धा टाकून उठले.

आणखी एक प्रयोग 2011 मधला, इस्रायलचा. बायकांच्या अश्रूंना म्हणे जाणवण्यासारखा वास नसतो, पण ते हुंगले की पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. साहेब हे जेवताना सांगत होते. वहिनी भाकरी थापत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून रडून पाहिलं. काही नाही उतरलं."

मी एकदा त्यांना अडवलं. माणसाचा कामगंध म्हणून एकही द्रव्य आजवर ठाम सिद्ध झालेलं नाही. हा गंध टिपायला कित्येक जनावरांच्या नाकात वेगळं इंद्रिय असतं. आपल्याकडे त्याचा खळगा सापडला तरी मेंदूकडे जाणारी तार तुटलेली. माणसाच्या घामातल्या द्रव्यानं मन खुलतं, संप्रेरकं हलतात असे दावे होतात, दुसरा कुणी तपासायला बसला की बरेच गळतात. साहेबांनी शांतपणे ऐकलं, श्वास ओढला. "तुमचा खळगा बुजला असन."

त्यांच्याबरोबर ताडोब्यात कधी जाऊ नका. मोहर्ली गेटच्या आत जरा गेलो नाही तोच ते ओरडले, "थांबवा, भात शिजून रायला!" वाघ झाडावर जी फवारणी करतो, तिला बासमतीसारखा वास येतो हे खरं आहे, दोन्हींत एकच द्रव्य असतं. जिप्सीवाल्यानं गाडी थांबवली. वाघ दिसला नाही. वनमजुराच्या चौकीवर खरोखर भात लागला होता. परतताना साहेब खट्टू होते, ते वेगळ्याच कारणानं. आपल्या नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी धान काढलं आणि वाघानं वास उचलावा तो बासमतीचा!

पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला पकडण्यासाठी 2018 मध्ये वनखात्यानं विदेशी अत्तर शिंपडलं, तेव्हा साहेब आठवडाभर छाती काढून फिरत होते. वाघीण काही जिवंत हाती लागली नाही. नोव्हेंबरात बंदुकीनं मारली गेली. त्यावर साहेब काहीच बोलले नाहीत, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

आता जे सांगायचं ते जरा नाइलाजानंच सांगतो. 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली. त्याच हंगामात फवारताना विषबाधा होऊन यवतमाळकडे 20 च्या आसपास शेतकरी-मजूर गेले. त्या दिवसांत हा निवृत्त माणूस लुनावर कोरपन्याच्या बांधाबांधानं हिंडत होता. पिशवी सोडायची, पतंग जुन्या पेपरावर पसरायचे, आगकाडीनं एकेक बाजूला सारत मोजायचे. "एका सापळ्यात रात्रीले आठ पतंग, अन् तेही लागोपाठ तीन रात्री. तवा फवारा. तोवर पंपाले हात नका लावू." शेतकरी हसून हो म्हणायचे आणि दुकानदार देईल ते दोन डब्यांतलं औषध एका पंपात कालवायचे. गंधेसाहेबांचं कोण ऐकतो? बनियन हुंगायला लावणारा माणूस तो. त्यांच्या गप्पांना आम्ही इतकी वर्षं हसलो होतो की आता ते खरं बोलताहेत हे ओळखायचं कसं, हा प्रश्नच होता. त्या हसण्यात माझाही आवाज होता.

हे लिहितोय म्हटल्यावर त्यांनी वाचायला मागितलं. बनियनवर काही तक्रार नाही, भातावरही नाही. फक्त म्हणाले, "गोळीचा वास तीन-चार आठवड्यात उडते. लोक नुसता सापळा लटकवून ठेवते अन् म्हणते, पतंगच नाही येत. गोळी बदला म्हणा. तेवढं छापा."