अ‍ॅम्पमीमांसक

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी दहा ठिकाणी चौकशी करण्याची जी परंपरा मराठी मध्यमवर्गात रुजलेली आहे, तिची सर्वांत प्रगत अवस्था ज्या पुरुषात आढळते, त्यास अ‍ॅम्पमीमांसक म्हणता येईल. (स्त्रियांमध्ये हा विकार अद्याप फारसा नोंदला गेलेला नाही.) हा गृहस्थ साधारणतः चाळिशीतला असतो, त्याचा हॉल दहा बाय बाराचा असून त्याची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असते, आणि शोकेसच्या एका कप्प्यात मावेल एवढाच छोटा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचा, हा त्याचा निश्चय कित्येक वर्षांपासून पक्का असतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे फोन किंवा सीडी प्लेयरमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत स्पीकरचा पडदा हलविण्याइतका सबळ करणारे यंत्र, आणि स्टिरिओ म्हणजे हेच काम डाव्या व उजव्या बाजूंसाठी वेगवेगळे करणारे, एवढे कळल्यावर सामान्य गिऱ्हाईक पैसे काढून देते. मीमांसक मात्र येथून पुढे वह्या काढतो.

पहिली वही वॉटची असते. ज्या पिढीने टू-इन-वनच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे हजार-हजार वॉटचे आकडे वाचले, आणि ते आकडे क्षणभराच्या काल्पनिक कमाल शक्तीचे असून त्यांच्या मोजणीला कोणतेही सर्वमान्य माप नव्हते हे फार उशिरा जाणले, त्या पिढीतला हा गृहस्थ असल्यामुळे तो ‘आरएमएस’ म्हणजे सलग मिळणाऱ्या शक्तीच्या आकड्याखेरीज दुसऱ्या कशावरही विश्वास ठेवीत नाही. शक्ती दुप्पट केली असता आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटावा यासाठी ती सुमारे दसपट करावी लागते, हे तो पाहुण्यांना चहा येईपर्यंत समजावून सांगतो. या हिशेबाने पन्नास आणि साठ वॉटमधील फरक एक डेसिबलदेखील भरत नाही. तरीही पन्नासवाला घ्यावा की साठवाला, या प्रश्नावर त्याचा एक अख्खा पावसाळा गेलेला असतो. त्याच्याकडील स्पीकर एक वॉट दिला असता एक मीटर अंतरावर सत्त्याऐंशी डेसिबल आवाज काढतात, म्हणजे सामाईक भिंतीपलीकडील काकांच्या सहनशीलतेचा विचार करता त्याला रोज लागणारी शक्ती अर्ध्या वॉटच्या आतबाहेरच राहते. ही नोंदही त्याच वहीत आहे, परंतु शेवटच्या पानावर.

दुसरी वही ‘क्लास’ची. जुन्या ‘क्लास एबी’ पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून काम करीत असल्याने बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून ते यंत्र जड आणि तापट. ‘क्लास डी’ पद्धतीत तेच ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण उघडतात व पूर्ण मिटतात, गाण्याचा आकार त्या स्पंदांच्या कमीअधिक रुंदीत साठविला जातो, शेवटी एका गाळणीतून तो वेगळा केला जातो, आणि विजेचा सुमारे नव्वद टक्के भाग कामी येत असल्याने यंत्र तळहातावर मावते. मीमांसकाची बुद्धी क्लास डीकडे आणि भक्ती क्लास एबीकडे असते. इंग्रजांच्या एनएडी कंपनीचा १९७८ सालचा ‘३०२०’ हा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर अवघ्या वीस वॉटचा असूनही जगभर नावाजला गेला, हा दाखला तो उठता-बसता देतो आणि मग पुन्हा शंभर वॉटचे छोटे डबे पाहू लागतो.

या डब्यांच्या बाबतीत मात्र त्याची चिकित्सा खरोखर दाद देण्याजोगी आहे, हे मान्य केले पाहिजे. डब्यावर ‘शंभर अधिक शंभर वॉट’ असे छापलेले असता तो डबा न पाहता सोबतचा अडॅप्टर उलटा करतो, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरील बारीक अक्षरे वाचतो, आणि चोवीस व्होल्ट गुणिले तीन अ‍ॅम्पिअर म्हणजे बहात्तर वॉट, हा गुणाकार मोठ्याने करतो. बहात्तर आत गेल्यावर दोनशे बाहेर कसे येतील, या त्याच्या प्रश्नाला आजवर कोणत्याही विक्रेत्याने सरळ उत्तर दिलेले नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘टीपीए३११६’ या लोकप्रिय चिपचा पन्नास वॉटचा आकडादेखील दहा टक्के डिस्टॉर्शन गृहीत धरून दिलेला आहे, हेही त्याला पाठ असते. डिस्टॉर्शन म्हणजे मूळ संकेतात नसलेली आणि यंत्राने पदरची घातलेली भर. ही भर लाखात तीन भागांहून अधिक नसावी, अशी त्याची अट आहे.

ही अट घेऊन तो पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि वर्षातून एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जातो, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे हेही तो टॅक्सीवाल्याला सांगतो. “डिस्टॉर्शन किती आहे?” या प्रश्नावर दुकानदार “आवाज फाटत नाही, साहेब” असे उत्तर देतो. वस्तुतः हे उत्तर शास्त्राला धरून आहे, कारण शक्ती अपुरी पडून संकेताचे माथे छाटले जाणे आणि आवाज फाटणे या एकाच घटनेच्या दोन बाजू होत. परंतु त्यात दशांशचिन्ह नसल्यामुळे मीमांसक ते ग्राह्य धरीत नाही.

श्रवणपरीक्षेसाठी तो तानपुरा वापरतो. घोडीवर तारेखाली सारलेल्या दोऱ्यामुळे तारेच्या नादात जे उपस्वर फुलून येतात, त्या जवारीची जर का एखादी कड बोथट झाली, तर अ‍ॅम्प्लिफायर नापास. कसोटी उत्तम आहे. अडचण एवढीच, की परीक्षेसाठी निवडलेले गाणे त्याच्या वडिलांच्या संग्रहातील ७८ गतीच्या तबकडीवरून उतरवून घेतलेले असते, त्यातील खरखर तानपुऱ्याच्या वरताण असते, आणि यंत्राने घातलेले लाखातले तीन भाग त्या खरखरीत शोधणे हे काम तो दर रविवारी डोळे मिटून करीत असतो. दरम्यान कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. “अहो, काही लावणार आहात की नुसतीच वायर बदलणार?” असे आतून विचारले जाते, तेव्हा तो वायरच बदलत असतो.

या गृहस्थाचे ज्ञान निरुपयोगी असते, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. धाकट्या मेव्हण्याने “भावोजी, एखादा छोटासा अ‍ॅम्प सुचवा ना” असे फोनवर म्हणताच तो खोलीचे माप आणि स्पीकरचे ओहम एवढेच विचारून, बजेट पुरते ऐकूनही न घेता, नाव, अडॅप्टर आणि वायरची जाडी यांसह पाच मिनिटांत निर्णय देतो, आणि तो निर्णय बहुधा बिनचूक असतो. परक्याच्या गरजेला शेवट असतो, तसा आपल्या गरजेला त्याला कधी सापडलेला नाही. मेव्हणा दुसऱ्याच दिवशी ते यंत्र मागवितो, पडद्याशेजारी आणि पाहुण्यांच्या गाद्यांच्या चळतीलगत मांडतो आणि वहीत एक अक्षरही न लिहिता गाणी ऐकू लागतो. दिवाळीत तेथे गेलेला मीमांसक कोचावर बसून दोन गाणी पूर्ण ऐकतो, जे त्याने स्वतःच्या घरी बऱ्याच दिवसांत केलेले नसते, आणि आवाज निःसंशय उत्तम आहे हे ध्यानात आल्यावर भिंतींकडे, छताकडे आणि गाद्यांकडे निरखून पाहत म्हणतो, “तुझा हॉल चांगला आहे रे.” मेव्हणा ही फ्लॅटची स्तुती समजून तेथील चौरस फुटाचा भाव सांगू लागतो.