साहेबाला पाणी मिळेना

डब्लिन, ओहायो
14 जून 2026

ती. आई-बाबा यांना,
बेबीचा सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, शेजारी खुद्द इंग्रज राहायला आलाय तर पोरांचं इंग्रजी सुधारेल. पोरांचं सोडा, त्या बिचाऱ्याचं स्वतःचंच इंग्रजी इथे धड चालेना. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांब लिहिलं की तुम्ही 'सवडीने वाचतो' म्हणता आणि ती सवड काही येत नाही. म्हणून हा कागद.

आम्ही घरात त्याला साहेब म्हणतो. मूळचा बर्मिंगहॅमचा. बायको स्कॉटलंडची, ग्लासगोची. राहतात आमच्यासारखेच डब्लिनमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या नव्हे, ओहायोच्या. या गावाला आपल्या नावाचा भारी अभिमान. ऑगस्टमध्ये इथे मोठी आयरिश जत्रा भरते. गेल्या वर्षी साहेब तिथे बिअरचा ग्लास घेऊन नुसता उभा होता, तर दोन बायका त्याच्याशी चार वाक्यं बोलल्या आणि 'खरा आयरिश माणूस भेटला' म्हणून फोटो काढून गेल्या. आयर्लंडचं आणि इंग्रजांचं काय सूत होतं ते तुम्हाला माहीतच आहे. साहेबाने फोटोत हसून दाखवलं, हे त्याचं मोठेपण.

बरं, 'बर्मिंगहॅमचा' म्हणावं तर इथल्या माणसाला अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम आठवतं. 'तुम्ही अलाबामाचे वाटत नाही हं!' असं कौतुकाने सांगतात. शेवटी कंटाळून तो 'लंडनजवळचा' म्हणायला लागला. झालं, लंडनही इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, ओहायोतच! जुनं बर्मिंगहॅम खऱ्या लंडनपासून शंभर मैलांच्या वर आहे, पण अमेरिकेतून बघितलं की जवळच.

खरी गंमत मात्र त्याच्या बोलण्याची. किराणा घ्यायला गेला की काउंटरवरची बाई सामान स्कॅन करायचं थांबते. 'अजून काहीतरी बोला ना!' म्हणते. मागे रांग लागलेली, हा हातात कोबी घेऊन उभा. काय बोलणार? 'पिशवी नको' एवढंच म्हणाला तर बाई छातीवर हात ठेवून 'किती गोड' म्हणाली. मी त्याच रांगेत होते. मीही पिशवी नकोच म्हटलं. मला म्हणाली, 'सॉरी?'

राणी जाऊन चार वर्षं होत आली, तरी लोक अजून त्याच्यापाशी हळहळतात, जणू तेरावं यानेच केलं. एकाने विचारलं, तुम्ही 'डाउन्टन अ‍ॅबी'सारख्या घरात वाढलात का? साहेबाचा बाप बसचा ड्रायव्हर होता. तो खरं तेच सांगतो, पण ते त्या आवाजातून ऐकलं की लोकांना बसदेखील घोड्यांची वाटते.

आणि इथेच बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट आहे. इंग्लंडात कुठली बोली कानाला बरी वाटते याच्या पाहण्या होतात, त्यात बर्मिंगहॅमची बोली बहुतेक वेळा तळाला असते. तिकडे साहेबाने तोंड उघडलं की लोक त्याला मंद समजायचे. लंडनला नोकरीला होता तेव्हा ऑफिसातले त्याच्या नकला करायचे. इथे त्याच धंद्यात त्याच्या बॉसने त्याला सांगितलं, कंपनीच्या फोनवरचा 'कृपया प्रतीक्षा करा' तुझ्या आवाजात घेऊ. घेतला. साहेबाने तो कौतुकाने आपल्या आईला ऐकवला. म्हातारी म्हणे इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

तुम्ही भक्ती बर्वेंची 'ती फुलराणी' नागपूरला पाहिल्याचं अजून सांगता ना? पुलंनी ती शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतली. त्यात फुलवालीची सरदारीण करायला मास्तरांना किती घाम गाळावा लागतो! साहेबाला काहीच करावं लागलं नाही. विमानात बसला फुलवाला आणि उतरला सरदार.

आई, तू हसशील, पण हे सगळं मला लगेच कळलं. लग्न होऊन सदाशिव पेठेत गेले तेव्हा पहिल्याच सकाळी मी 'मी चहा करून राहिली' म्हटलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं हसून 'तुमच्याकडे असंच म्हणतात वाटतं?' एवढं विचारलं. त्या 'तुमच्याकडे'मध्ये अख्खा वऱ्हाड बसला होता. नंतर किती दिवस मी वाक्य आधी मनात धुऊन घ्यायची आणि मग बोलायची. साहेबाला हे सांगितलं तर तो सोफ्यावरून पुढे सरकला. म्हणाला, 'बास, अगदी हेच.' पुण्याचा माणूस आणि अमरावतीचा माणूस इथे आले की दोघेही नुसते 'इंडियन अ‍ॅक्सेंट'. आमच्या ह्यांना त्याचंच जास्त लागतं. एवढी शुद्ध भाषा वाया गेली!

आता पाण्याची गोष्ट. गेल्या महिन्यात आम्ही सगळे मिळून एरी सरोवराकडे निघालो. वाटेत गाडीतूनच खायला घेतात तशा एका ठिकाणी थांबलो. साहेब गाडी चालवत होता. खिडकीतून तिथल्या ऑर्डर घेणाऱ्या भोंग्याला म्हणाला, 'वॉटा.' भोंगा म्हणाला, 'काय?' साहेब पुन्हा, 'वॉटा.' भोंग्याने विचारलं, 'ते बर्गर कुठलं?' साहेब लाल व्हायला लागला. तिसऱ्यांदा त्याने इतकं स्वच्छ, इतकं सावकाश 'वॉ-टा' म्हटलं की इंग्लंडच्या राजाने टाळी दिली असती. शेवटी मागच्या सीटवरून हे पुढे वाकले आणि भोंग्यात म्हणाले, 'वॉडर्र.' लगेच उत्तर आलं, 'किती?'

ह्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. 1817 च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला, आणि आता त्याच युनियन जॅकवाल्याला घोटभर पाणी मागायला पेठेतला दुभाष्या लागला. पुण्याला फोन करून हे सासऱ्यांना सांगेपर्यंत ह्यांना बर्गर गोड लागेना.

त्या 'र'वरून घरी मोठा वाद झाला. साहेबाचं म्हणणं, अमेरिकनांनी आमची भाषा बिघडवली. ह्यांनी वाचून ठेवलेलंच असतं. म्हणाले, उलटं आहे. इंग्रज अमेरिकेत आले तेव्हा ते शब्दाच्या शेवटचा 'र' ठणठणीत म्हणायचे. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या प्रतिष्ठित लोकांनी तो खायला सुरुवात केली ती पुढे, अठरावं शतक संपता संपता, आणि मग तीच फॅशन झाली. म्हणजे 'र'च्या बाबतीत जुनं इंग्रजी इथल्या शेतकऱ्याच्या तोंडात आहे. साहेब म्हणाला, बोस्टनचे लोकही 'र' खातात. हे म्हणाले, बंदरावरचे श्रीमंत लोक तेव्हा लंडनची फॅशन उचलायचे, त्याचाच तो उष्टा तुकडा. मी चहा ठेवायला उठले.

चहाचंही सांगते. इथे बऱ्याच घरांत किटली नसते, कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. साहेबाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दहा मिनिटं गप्प होता. इथली वीज 120 व्होल्टची, त्यामुळे विजेच्या किटलीला तिकडच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. आपल्याकडे आणि इंग्लंडात 230. म्हणजे व्होल्टमध्ये, रस्त्याच्या डाव्या बाजूला, क्रिकेटमध्ये, पेट्रोलला पेट्रोल म्हणण्यात आम्ही दोन घरं एकीकडे आणि सगळी अमेरिका एकीकडे. कॅडबरीचंही तसंच. तिचा जुना कारखाना त्याच्या बर्मिंगहॅमलाच. ठाण्यात थांबा आला की बसवाला 'कॅडबरी' म्हणून ओरडतो आणि आपल्याकडे कुठल्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हणतात, हे ऐकून त्याचे डोळे भरून आले. आमचा आल्याचा, दूध घालून खळखळ उकळलेला चहा मात्र त्याला आधी गुन्हा वाटायचा. हल्ली चारच्या सुमाराला कुंपणाशी घुटमळतो.

त्याच्या बायकोचं नशीब मात्र वेगळं. अमेरिकनांना जो ब्रिटिश आवाज आवडतो तो सिनेमातला, आणि ग्लासगोची बोली त्या सिनेमात बसत नाही. ती पूर्ण इंग्रजीत बोलते आणि लोक हळू आवाजात विचारतात, 'तुमची भाषा कुठली?' बँकेच्या फोनवरचं यंत्र तिचं एक अक्षर मान्य करत नाही. माझंही करत नाही. आम्ही दोघी एकदा स्वयंपाकघरात उभ्या राहून आळीपाळीने त्या यंत्राला 'नो' म्हणत होतो. ते दोघींनाही 'येस, धन्यवाद' म्हणालं.

आणि हसतं कोण? सिनसिनाटीजवळ 'दिल्ली' नावाचं गाव आहे, त्याला इथले लोक 'डेल्हाय' म्हणतात. लिमा नावाचं शहर आहे, ते 'लायमा'. फ्रान्सच्या व्हर्सायवरून नाव घेतलेलं गाव 'व्हर्सेल्स'. एवढं करून आमच्या उच्चाराला 'सॉरी?' म्हणतात.

धाकटीचं मात्र सगळ्यांशी जमतं. तिने लहानपणी 'पेपा पिग' इतकं पाहिलं की शाळेत 'मम्मी' आणि 'टमाटो' इंग्रजी डुकरासारखं म्हणायची. बाईंनी मला बोलावून कौतुकाने विचारलं, 'घरी कोणी लंडनचं आहे का?' ती आता शाळेत अमेरिकन, साहेबाकडे इंग्रज, आजीशी फोनवर पुणेरी, आणि माझ्यावर चिडली की चक्क वऱ्हाडी. 'कायले ओरडून राहिली?' असं परवा म्हणाली. मला रागवायचं होतं, जमलं नाही.

येत्या 4 जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होतील. दरवर्षी त्या दिवशी गल्लीतला प्रत्येक जण साहेबाच्या पाठीवर थाप मारून 'राग नाही ना?' विचारतो. साहेब प्रत्येकाला नवा विनोद ऐकल्यासारखं हसून दाखवतो. यंदा तर तो म्हणतो, मी आजारीच पडणार. त्यावर हे म्हणाले, आमचाही ऑगस्टात असतो, तेव्हाही ये. असलं आमच्या ह्यांना जरा जास्तच सुचतं.

आता मुख्य बातमी. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मार्चमध्ये सांगितलं होतं की कचऱ्याची गाडी शुक्रवारऐवजी मंगळवारी आली तर शनिवार-रविवारचा कचरा सडणार नाही. सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि पुढच्या विषयावर गेले. एप्रिलमध्ये साहेब उभा राहिला आणि हेच, अगदी हेच, बर्मिंगहॅमच्या सुरात म्हणाला. आधी शांतता पसरली. मग एक आजोबा म्हणाले, 'यात दूरदृष्टी आहे.' ठराव एकमताने पास. साहेबाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, इतका ओशाळला होता की मला त्याचीच कीव आली.

पण मी अमरावतीची आहे. कीव करून झाल्यावर मी विचार केला. पुढची मीटिंग येत्या गुरुवारी आहे आणि मी त्याला मुद्दे लिहून दिलेत. सकाळी सातच्या आत गवत कापायचं यंत्र चालवू नये. कुत्रेवाल्यांनी पिशवी बाळगावी. आणि कोपऱ्यावरच्या घराने आमच्या फोडणीच्या वासाची जी तक्रार केली आहे, तिच्यावर साहेबाने 'सुगंधाची प्राचीन परंपरा' या विषयावर दोन मिनिटं बोलावं. तालीम काल झाली. 'मोहरी' त्याला जमत नाही, पण जितकी जमत नाही तितकी भारदस्त वाटते. मोबदल्यात आठवड्यातून दोनदा चहा आणि कांदाभजी ठरली आहेत.

ठराव पास झाला की कळवते. तोवर दादाजवळ ठेच्याच्या मिरच्या देऊन ठेवू नका, तो इकडे यायला निघायला अजून महिना आहे आणि परवानगी आधी मिळू दे. बाबांनी दुपारचं उन्हात जाणं बंद करावं. वहिनीला नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी